सात नंबरची आजी

पेढे मी वाटले. दोष द्यायचा तर मला द्या, माझ्या मुलाला नको. त्यानं फक्त फोनवर एक फोटो पाठवला होता.

त्या दिवशी घरात मी एकटीच होते. मुलगा बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे, सून दवाखान्यात नर्स आहे, दोघंही कामावर. नात मैत्रिणीकडे गेली होती. अकराच्या सुमारास फोन वाजला आणि मुलाकडून फोटो आला. खाली एक अक्षर लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, पण आमच्या घरातले पुरुष कमी बोलतात आणि त्यालाच शहाणपण समजतात.

फोटो यादीचा होता. नातीनं एम.एस्सी.साठी अर्ज केला होता आणि त्या यादीची वाट बघण्यात घरातले तीन आठवडे गेले होते. मी चष्मा लावला, बोटांनी फोटो मोठा केला आणि वरून खाली येत गेले. माझं शिक्षण चौथी पास. मराठी सगळं वाचते, पेपरातल्या निधनवार्तांसकट. इंग्रजीत मला तीनच शब्द ओळखू येतात. आमचं आडनाव, नातीचं नाव आणि बँकेच्या दारावरचं ‘पुश’. नातीच्या वह्यांना कव्हरं मीच घालायची, त्यामुळे तिचं नाव कसं दिसतं ते मला पाठ आहे. ते दिसलं. सातव्या ओळीत.

आयुष्यात मी पुष्कळ याद्या बघितल्या. रेशनची, मतदारांची, दुष्काळी कामावरच्या मजुरांची. यादीत एकतर नाव असतं किंवा नसतं. नाव आहे पण माणूस बाहेरच, अशीही एक यादी असते हे मला सत्तरी ओलांडेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

मी चपला घातल्या आणि कोपऱ्यावरून किलोभर पेढे घेऊन आले.

आम्ही येरवड्याला राहतो. तीन मजली इमारत, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. हल्ली लोक दारात उभं राहून बॉक्स पुढे करतात आणि समोरचा त्यातला एक उचलतो. मला ते आवडत नाही, दवाखान्यात गोळी दिल्यासारखं वाटतं. मी स्टीलच्या वाटीत चार-चार पेढे घालून, वर झाकण ठेवून, एकेका दारात दिले. नात एम.एस्सी.ला लागली म्हणून सांगितलं. बारा वाजेपर्यंत तिन्ही मजले उरकले.

वाटीत दिलं की एक गोष्ट ओघानं येते. वाटी रिकामी परत करायची नसते. चार वाजल्यापासून दार वाजायला लागलं. वाट्या परत आल्या त्या शेंगदाण्याची चटणी, रव्याचे लाडू, लिंबाचं लोणचं घेऊन. ज्यांचं वाटीत मावेना त्यांनी स्वतःचे डबे दिले. तळमजल्यावर एक बाई राहतात, शाळेत मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झाल्या तरी आवाज निवृत्त झालेला नाही. त्या स्वतः डबाभर नारळाच्या वड्या घेऊन वर आल्या. कितवा नंबर लागला म्हणून त्यांनी विचारलं. मी सातवा म्हटलं. वा, म्हणजे मेरिटमध्ये, असं म्हणून त्या खुशीत खाली गेल्या.

पाच वाजता नात घरी आली. जिन्यात तिचं तिघांनी अभिनंदन केलं होतं आणि ती आधीच पांढरी पडली होती. टेबलावरची चटणी, लाडू आणि वड्या बघून ती खुर्चीत बसली.

“आजी, ती वेटिंग लिस्ट आहे.”

मग तिनं मला समजावून सांगितलं. जागा तीस. त्या तीस जणांची यादी वेगळी. त्यातलं कुणी आलं नाही तर ज्यांना घेतील त्यांची ही यादी, आणि तिच्यात आमचा सातवा नंबर.

“म्हणजे तू सदतिसावी,” मी म्हटलं.

“तसं म्हण.”

“मग तसं लिहायचं की. सात कशाला लिहितात?”

तिनं एक लाडू खाल्ला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

ती काय शिकणार ते सांगायला हवं. भूगर्भशास्त्र, म्हणजे दगड. तीन वर्षं कॉलेजात तिनं तेच केलं होतं आणि आता पुढची दोन वर्षं तेच करायचं होतं. ज्या ठिकाणी तिचा सातवा नंबर होता तिथल्या एक मॅडम गावोगावच्या विहिरी मोजतात. पाणी किती खोल गेलं, कुठल्या दगडात मुरतं, कुठल्या दगडावरून वाहून जातं. त्यांचं व्याख्यान ऐकून आल्यापासून नातीच्या तोंडी विहिरीशिवाय दुसरं काही नव्हतं. तिला दुसऱ्या एका कॉलेजात जागा मिळालेली होती, पुण्यातच, विषयही तोच. पण तिथे विहिरी नाहीत. तिथे दगडाचा पातळ काप भिंगाखाली ठेवून बघतात. तिला ते नको होतं.

मी लहान असताना आमच्या गावाकडे मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, म्हणून सरकारनं काम काढलं आणि आम्ही रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडली. आईनं फोडली, मी फोडली. दगड कुठल्या जातीचा आहे हे आम्हाला कुणी विचारलं नाही, किती घमेली झाली ते विचारलं. नातीनं दगड आणि विहीर दोन्ही शिकायचं म्हटलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, शिक बाई, आमचा अर्धाच अभ्यास झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत तिन्ही मजले फिरले. या वेळी हात रिकामे. प्रवेश झालेला नाही, माझी वाचायची चूक झाली, पेढे पोटात गेलेत ते राहू द्या, असं प्रत्येक दारात सांगितलं. सुनेला हे अजिबात पटलं नाही. म्हणाली, “अहो आई, सांगायची काय गरज होती? आठवड्यात ॲडमिशन झाली असती तर कुणाला कळलंही नसतं.” मी विचारलं, नसती झाली तर? ती डबा भरायला आत गेली.

बहुतेकांनी “होईल हो, होईलच” म्हटलं. हा शब्द मला आवडत नाही. लोक डॉक्टरांच्या बाहेर बसलेल्याला पण तेच म्हणतात. तळमजल्याच्या बाई मात्र सरळ बोलल्या.

“मग पेढे कशाचे होते?”

“सातव्या नंबरचे.”

“आमच्या शाळेत सातव्या नंबरला आम्ही साधी पेन्सिलसुद्धा देत नव्हतो,” त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं. एवढ्या लोकांत एकीनं तरी खरं बोलून दाखवलं.

पण सांगून टाकल्याचा एक तोटा झाला. आता वेटिंग लिस्ट आमच्या घरची राहिली नाही, बारा बिऱ्हाडांची झाली. सगळ्यांनी पेढे खाल्ले होते, त्यामुळे सगळ्यांना हक्क होता. जिन्यात मी भाजीची पिशवी घेऊन वर येत असले की कुणीतरी दारातून विचारायचं, कुठवर आलं? वरच्या मजल्यावरच्या एक काकू पहिल्या सहा जणांसाठी रोज दिवा लावायला लागल्या. त्या सहा जणांचं वाईट व्हावं म्हणून नव्हे, तर त्यांना परदेशी जागा मिळावी म्हणून. जर्मनीला गेले तर उत्तम, असं त्यांचं म्हणणं होतं, कारण त्यांचा भाचा तिथे आहे आणि बर्फामुळे तो लवकर परत येत नाही.

घरातही जो तो आपापल्या परीनं वाट बघत होता. मुलानं दर रविवारी स्कूटर खोलायला सुरुवात केली, तिला काही झालेलं नसताना. सून कुकरच्या शिट्या मोजताना चुकायला लागली आणि आम्ही आठवडाभर डाळीची पेज खाल्ली. नात दर दहा मिनिटांनी फोन बघायची. तिनं पुढच्या सहाही जणांचा फोनवर शोध लावला होता. दोन नंबरच्या मुलाला डोंगर चढायला आवडतात, चार नंबरच्या मुलीकडे मांजर आहे. मी म्हटलं, तुझ्या वयाची असताना मला शेजारच्या गल्लीत कोण राहतं ते माहीत नव्हतं आणि माझं काही अडलं नाही.

एका संध्याकाळी ती खिडकीत बसून नुसती बाहेर बघत होती. आमच्याकडून तुरुंग जवळच आहे. मी म्हटलं, तिथे अर्ज करायला हवा होतास. वेटिंग लिस्ट नाही, राहण्याची सोय होते, आणि फोडायचे असतील तर दगडही देतात. ती हसली. चार दिवसांत पहिल्यांदाच हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी तिच्यापुढे लसूण सोलायला ठेवला. लसूण सोलताना रडलं तर कुणी विचारत नाही.

वाट बघण्यातलं मला कळतं. मी गॅससाठी नाव लावून वर्षानुवर्षं थांबलेय. फोनसाठी तर इतकी थांबले की फोन लागला तोवर ज्या जावेशी बोलायचं होतं तिच्याशी माझं भांडण झालेलं होतं. पण खरी वाट बघितली ती नळावर. लग्न होऊन मी पुण्यात आले तेव्हा आमच्या वस्तीत चाळीस घरांना एक नळ होता. पाणी पहाटे यायचं आणि तासाभरात जायचं. तिथे एक नियम होता, कुणी लिहिलेला नाही. हंडा ठेवला म्हणजे माणूस आहे. हंडा ठेवून बाई पोराला दूध पाजायला घरी गेली तरी तिचा नंबर तिचाच. हंडा नसला तर वीट चालायची, फुटकी चप्पल चालायची. त्या चपलेला ओलांडून कुणी पाणी भरलं तर तिला दुसऱ्या दिवशी कुणी रांगेत उभं करून घेत नसे. मी त्या नळावर अकरा वर्षं काढली. पुढे घरात नळ आला, पण रांगेत माणूस कसं उभं राहतं ते मी अजून बघते.

यादी सरकली. पहिल्यांदा एक गेला, मग एकदम तिघं गेले. चार नंबरपर्यंत सगळे आत गेले आणि मग सगळं थांबलं. दोन जागा उरल्या. त्या कशा भरणार याचा निरोप आला, तो नातीनं मला वाचून दाखवला. अमुक दिवशी सकाळी दहाला सगळ्या वेटिंगवाल्यांनी कागदपत्रं घेऊन स्वतः हजर राहायचं. नंबरानं पुकारतील. तीनदा पुकारूनही जो हजर नसेल त्याला सोडून पुढचा.

हिशोब सोपा होता. जागा दोन आणि आमच्या पुढे दोघं, पाच नंबर आणि सहा नंबर. त्यातलं एक जरी आलं नाही तर जागा आमची. दुसऱ्या कॉलेजातली जागा पक्की करायची शेवटची मुदतही त्याच दिवशी संध्याकाळी पाचची होती. म्हणजे त्या दिवशी इकडे किंवा तिकडे होणारच होतं.

मुलाला आणि सुनेला रजा मिळेना. मी येते म्हटलं. नात म्हणाली, “आजी, तिथे रांग नसते, नावं पुकारतात.” मी म्हटलं, रांग सगळीकडे असते, दिसत नाही एवढंच. पहिल्या बसनं निघून आठ वाजता आम्ही फाटकावर होतो. वॉचमन खुर्चीत बसून चहा पीत होता. मला बघून म्हणाला, “आजी, तुमची ॲडमिशन आहे का?”

“माझी साठ वर्षांपूर्वीच बंद झाली. हिची आहे.”

त्यानं आत सोडलं.

आत एक मोठी खोली, भिंतीला लागून काचेची कपाटं आणि कपाटांत दगड. आपण ज्याला ठेच लागली की शिव्या देतो ते दगड तिथे कापसावर ठेवलेले होते, प्रत्येकाला चिठ्ठी. नऊ वाजता माणसं यायला लागली. एक निळ्या शर्टातला मुलगा वडिलांबरोबर आला. तो सहा नंबर निघाला. नातीचा चेहरा तिथेच उतरला. म्हणजे आता सगळं पाच नंबरवर होतं.

पाच नंबर साडेनऊला आली आणि माझ्या शेजारी बसली. बारीकशी मुलगी, परभणीकडची, रात्रभर एस.टी.त बसून आलेली. केस विंचरलेले होते, डोळे नव्हते झोपलेले. तिनं मला तिळाची चटणी लावलेली अर्धी भाकरी दिली. मी खाल्ली. मग तिनं स्वतःहून सांगितलं की तिचा पाचवा नंबर आहे, घरून दुसरीकडे कुठे पाठवणार नाहीत, आज झालं तर झालं नाहीतर गावी परत. नात पलीकडे बसून ऐकत होती.

दहाला दहा कमी असताना तिथल्या कारकुनानं सगळ्यांची कागदपत्रं चाळली. पाच नंबरच्या एका दाखल्याच्या दोन झेरॉक्स कमी होत्या. झेरॉक्सचं दुकान फाटकाबाहेर, आणि फाटक तिथून चांगलं लांब. मुलीनं खांद्यावरची कापडी पिशवी माझ्या शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

“आजी, पिशवीकडं बघा बरं जरा. आलेच.”

आणि पळाली.

बरोबर दहाला मॅडम आल्या. विहिरीवाल्या त्याच. साध्या सुती साडीतल्या, पायात पुरुषी बूट. नात त्यांना बघून ताठ बसली. कारकुनानं पुकारायला सुरुवात केली. पाच नंबर, आणि तिचं नाव. कुणी उठलं नाही. थोडं थांबून त्यानं दुसऱ्यांदा पुकारलं.

मी नातीकडे बघितलं. ती खाली फरशीकडे बघत होती. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. नियम तिच्या बाजूनं होता आणि तिनं काही केलेलं नव्हतं. माझ्या आणि तिच्या मधे ती पिशवी होती. तिच्यातून पाण्याची बाटली आणि फणी डोकावत होती. अजून एकदा पुकारलं की आमचं काम होत होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं. म्हातारी माणसं गप्प बसली तर कुणाला नवल वाटत नाही.

कारकुनानं तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मी उभी राहिले.

“ती आहे. ही बघा तिची पिशवी. झेरॉक्सला गेलीय.”

तो म्हणाला, “आजी, पिशवीला ॲडमिशन देता येत नाही.”

“पिशवीला नका देऊ. ती येईपर्यंत थांबा. तुम्हीच पाठवलंत ना तिला?”

मॅडमनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. “तुम्ही तिच्या कोण?”

“कुणी नाही. मी सात नंबरची आजी.”

सगळी खोली हसली. निळ्या शर्टाचे वडील हसले नाहीत. त्यांनी बोटं मोजून बघितली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. मॅडमनी नातीकडे बघितलं, मग मनगटावरच्या घड्याळात. म्हणाल्या, दहा मिनिटं थांबू.

मी बसले. नात माझ्यापासून दोन खुर्च्या दूर जाऊन बसली.

आठव्या मिनिटाला ती मुलगी दारात आली. एक चप्पल पायात, दुसरी हातात, पट्टा तुटलेला, आणि झेरॉक्स छातीशी धरलेल्या. तिला जागा मिळाली. निळ्या शर्टाला मिळाली. आमचा नंबर आला तेव्हा कारकुनानं वही मिटली होती.

निघताना ती मुलगी आमच्यापाशी आली. काय झालं ते तोवर तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिनं नातीचा फोन नंबर मागितला, नातीनं तिच्याकडे न बघताच सांगितला.

बसस्टॉपपर्यंत नात माझ्या पुढे वीस पावलं चालत होती. तिथे पोचल्यावर म्हणाली,

“तू फक्त गप्प बसायचं होतंस.”

“गप्प बसले असते तर नळावर मला कुणी पाणी भरू दिलं नसतं.”

“आजी, आता नळ घरात आहे.”

ती चुकीचं बोलली असं मला आजही म्हणता येत नाही, आणि माझं चुकलं असंही वाटत नाही. बस आली, आम्ही चढलो.

दुसऱ्या कॉलेजात साडेबाराला पोचलो. तिथे रांग नव्हती. जिथे रांग नसते तिथे मला संशय येतो. कारकून पेरू खात बसला होता, त्यानं पेरू बाजूला ठेवून हात पुसले, बसा ताई म्हणाला, आणि पाव तासात प्रवेश झाला. नातीनं सही केली ती रागानं, कागदाला भोक पडेल अशी. घरी आल्यावर सुनेनं विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं, पण दुसरंच. मुलानं सगळी हकीकत ऐकली आणि स्कूटरकडे गेला.

इमारतीत मी परत फिरले नाही. तळमजल्याच्या बाईंना जिन्यात सांगितलं, म्हणजे सगळ्यांना कळलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माझ्या वर्गात तुम्ही असता तर तुम्हाला मॉनिटर केलं असतं, म्हणाल्या, आणि मुलांनी तुम्हाला मारलं असतं.

नात तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी समजूत काढायला गेले नाही. माझं चुकलं असतं तर गेले असते. जेवायला वाढत होते, ती जेवत होती. चौथ्या दिवशी तिला तिचा पांढऱ्या ओढणीचा ड्रेस सापडेना, तेव्हा तिला बोलावंच लागलं.

पंधरा दिवसांनी तिला फोन आला. बराच वेळ हं हं करून तिनं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात आली.

“परभणीवाली होती. होस्टेल मिळालं नाही. वेटिंग लिस्टला आहे.”

“कितवी?”

“एक्केचाळीस,” नात म्हणाली. त्या पंधरा दिवसांत तिच्या तोंडावर मी पहिल्यांदाच समाधान बघितलं. ते तिनं लपवलं नाही आणि मीही बघितलं नाही असं दाखवलं नाही. मग ती फ्रिजमधलं पाणी प्यायली, रिकामी बाटली भरून ठेवली, आणि म्हणाली, “माझ्या खोलीत गादी मावेल. आठ दिवसांचा प्रश्न आहे.”

आठ दिवसांचा प्रश्न अजून आमच्याच घरात राहतोय. होस्टेलची यादी एकोणतीसवर अडली आहे. मुलगी कामाची आहे, भाकरी सुनेपेक्षा बरी करते. हे मी सुनेसमोर बोलले, ते मात्र माझं चुकलं. तिच्या घरून डाळ आणि ज्वारी येते. दोघी सकाळी एका बसनं जातात आणि दोन वेगळ्या स्टॉपला उतरतात. संध्याकाळी एकमेकींच्या वह्या उघडून भांडतात. आमच्याकडचं भिंग चांगलं आहे, असं नात आता म्हणते. विहिरींचं नाव मात्र काढत नाही.

शनिवारी परभणीवालीला विहिरी मोजायला जावं लागतं. विहिरीत टेप सोडायला एक माणूस लागतं आणि आकडा लिहायला दुसरं. एकदा तिच्या जोडीची मुलगी आजारी पडली, तेव्हा नात टेप धरायला गेली. मग पुढच्या शनिवारीही गेली. मॅडमनी तिसऱ्या वेळी विचारलं, ही आपल्याकडची आहे का? परभणीवालीनं सांगितलं, ही सात नंबर. मॅडमनी बरं म्हटलं आणि पुढच्या विहिरीकडे चालू लागल्या. हे मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं, म्हणजे खरं असावं. यातून प्रवेश मिळत नाही, प्रमाणपत्र मिळत नाही, उन्हानं तोंड काळं होतं. पण शनिवारी तिला उठवावं लागत नाही.

विहिरीवरून येताना दोघी दगड आणतात. पिशव्या भरून आणतात. ठेवायला जागा नाही, म्हणून शेजाऱ्यांचे जे डबे पेढ्यांच्या दिवसापासून आमच्याकडे पडून होते त्यांत भरून ठेवतात. ते डबे परत करायचे राहिले होते, कारण रिकामे कसे द्यायचे आणि भरून द्यायचं तर कशानं, हे ठरत नव्हतं. प्रवेश झाला म्हणावा तर झाला होता, पण पेढे दिले होते तो नव्हे.

शेवटी तळमजल्याच्या बाईंनी जिन्यातच विचारलं, “अहो आजी, माझा डबा आहे की त्यालाही वेटिंगला टाकलाय?” मला लाज वाटली. सुनेनं त्यांच्यासाठी डब्यात खडीसाखर घालून ओट्यावर ठेवली आहे असं सकाळी सांगितलं होतं. मी वर गेले, ओट्यावरच्या डब्यांतला पुढचा डबा उचलला, झाकण जरा उघडून बघितलं. पांढरे पांढरे चमकणारे खडे दिसले. चष्मा लावलेला नव्हता. खाली जाऊन डबा दिला आणि एक काम उरकलं म्हणून पाय वर करून बसले.

अर्ध्या तासानं बाई वर आल्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात अडकित्ता.

“अहो आजी, ही खडीसाखर फुटत नाही. अडकित्त्याची धार गेली.”

मी चष्मा लावला. खड्याला खालून काळा दगड चिकटलेला होता आणि त्याच्यावर मुलींनी पांढऱ्या रंगानं बारीक आकडा घातला होता. दोन्ही मुली दारात येऊन उभ्या राहिल्या आणि तोंडावर हात धरून हसायला लागल्या. नात माझ्याकडे बघून हसत होती.

“ती खडीसाखर नाही, बाई,” मी म्हटलं. “ती ॲडमिशन आहे.”

बाईंनी एक खडा उचलून उजेडात धरला, फिरवून फिरवून बघितला आणि आपल्या पदरात टाकला. डबा मात्र तिथेच ठेवून गेल्या. म्हणाल्या, खरी खडीसाखर भरून पाठवा, आणि या वेळी आधी कुणाकडून तरी वाचून घ्या.